मदत हवी आहे : जपानी न येणाऱ्या आईसोबत 'काकुझुके चेक' कसा बघावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. यंदा डिसेंबरात आई मिरजेहून येतेय, नवीन वर्ष इथेच करणार आहे. १ जानेवारीच्या संध्याकाळी आमच्या घरी टीव्हीवर एकच कार्यक्रम लागतो, 'गेइनोजिन काकुझुके चेक', म्हणजे नामवंत कलाकारांचा दर्जा ठरवणारी परीक्षा. तो तिच्यासोबत बघायची फार इच्छा आहे. पण तिला जपानी अजिबात येत नाही, आणि माझं जपानी ऑफिसपुरतं. विनोदी कलाकार एकमेकांचं बोलणं तोडून बोलायला लागले की मलाही सगळं पकडता येत नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओसाकाच्या आसाही ब्रॉडकास्टिंगचा हा कार्यक्रम. सूत्रसंचालक 'डाउनटाउन' या विनोदी जोडीतले हामादा मासातोशी आणि ज्येष्ठ अभिनेते इतो शिरो ('ओशिन' मालिकेत ओशिनचे वडील झालेले तेच). नट, गायक, खेळाडू जोडीने किंवा गटाने येतात. डोळ्यांवर पट्टी बांधून दोन वाइन चाखायच्या, एक दहा लाख येनच्या घरातली, दुसरी काही हजारांची. मग स्त्रादिवारिउस व्हायोलिनसारखी अमूल्य वाद्यं आणि शिकाऊ वाद्यं एकामागून एक ऐकायची. एकदा खरा महागडा बोन्साय आणि मिठाईवाल्याने खाऊपासून केलेला बोन्साय शेजारी ठेवले होते. महाग कोणतं ते ओळखायचं, एवढंच.

सगळे सुरुवातीला 'पहिल्या दर्जाचे कलाकार' असतात. चुकलं की साधारण, मग दुसरा दर्जा, तिसरा दर्जा, मग 'हुबेहूब दिसणारा तोतया', आणि शेवटी 'दाखवायच्या लायकीचा नाही'. त्या पायरीला माणूस चक्क पडद्यावरून पुसला जातो, नुसता आवाज येत राहतो. दर्जा उतरला की बसायच्या खुर्च्या आणि पायातल्या सपाता बदलतात, सूत्रसंचालकांची बोलायची पद्धतही बदलते. काही फेऱ्यांत तिसरा पर्याय असतो, 'झेत्ताई आकान', म्हणजे जो निवडणं अक्षम्य. तो निवडला की एकदम दोन पायऱ्या खाली.

मला यात सगळ्यात आवडतो तो खोल्यांचा भाग. उत्तर दिलं की कलाकार 'ए' किंवा 'बी' खोलीत जाऊन बसतो आणि तिथल्या टीव्हीवर पुढच्यांची परीक्षा बघतो. दोन्ही खोल्यांतल्यांना वाटतं आपलंच बरोबर. आत कोण बसलंय हे दार उघडल्यावरच कळतं, आणि तिथे गाक्ट दिसला की लोक आनंदाने ओरडतात, कारण या गायकाने सलग ६०हून जास्त प्रश्न अचूक ओळखलेत. शेवटी हामादा एका दाराशी धावतात, उघडतोय असं दाखवतात आणि दुसऱ्याच दारातून आत शिरतात. २०१७ साली गाक्टच्या जोडीला 'एक्स जपान' या रॉक बँडचा योशिकी होता, तो खोलीत ठेवलेली 'हॅपी टर्न' नावाची तांदळाची बिस्किटं मन लावून खात बसला. एवढा मोठा कलावंत आणि तो खाऊ, लोकांनी ते दृश्य अजून लक्षात ठेवलंय.

आईने 'पोगो'वर ताकेशीज कॅसल आमच्यासोबत खूप बघितलाय. तिथे जावेद जाफरीची हिंदी कॉमेंट्री होती, आणि पाण्यात पडणारा माणूस कोणालाही समजतो. इथे सगळी मजा बोलण्यात आहे. "याला मातीचा वास येतोय, म्हणजे हीच जुनी वाइन" असं कोणी ठामपणे सांगतो आणि नेमकी स्वस्त बाटली उचलतो. ते वाक्य कळलं नाही तर उरतं काय? नुसते पेले.

तर माझे प्रश्न :

चालू कार्यक्रमात भाषांतर करून सांगायचं कसं? मी एक वाक्य सांगेपर्यंत तीन वाक्यं पुढे गेलेली असतात. फोनचा कॅमेरा टीव्हीवर धरून बघितला, पण पडद्यावरची रंगीत अक्षरं एवढी भराभर बदलतात की भाषांतर थरथरत राहतं, वाचता काहीच येत नाही.

आणि ही माणसं कोण आहेत हे तिला आधी कसं समजावू? ओळखीचा चेहरा हरतो यातच तर गंमत आहे.

तिसरं जरा नाजूक आहे. एका फेरीत बहुतेक वेळा मात्सुसाका किंवा तसलं उंची गोमांस असतं. आई शाकाहारी आहे, देवाधर्माचं करणारी. तुमच्याकडच्या मोठ्यांनी ही फेरी बघितली का? त्यांना त्रास झाला का? तिला अवघडल्यासारखं व्हावं असं मला मुळीच नकोय.

वाद्यांच्या फेरीसाठी मात्र मी फार उत्सुक आहे. तिचं माहेर सतारमेकर गल्लीच्या जवळ, तंबोरे लागताना ऐकत लहानाची मोठी झालेली बाई आहे ती.

प्रतिसाद :
ताई, सरळ चालू कार्यक्रम बघू नका. टीव्हीला हार्ड डिस्क जोडलेली असेल तर रेकॉर्डिंग लावा आणि अर्ध्या तासाने 'ओक्काके साइसेइ' करा, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असतानाच मागून बघायचं. हवं तिथे थांबवून आईंना सांगता येतं. या कार्यक्रमात दार उघडायच्या क्षणी जाहिरात येते आणि नंतर तोच तुकडा पुन्हा दाखवतात. तेवढा वेळ सांगायला वापरा. रिमोटवरचं 'जिमाकु' बटण आधीच दाबा, बोललेलं खाली जपानीत लिहून येतं. थांबवलेल्या चित्रावर फोनचा कॅमेरा नीट चालतो.

प्रतिसाद :
सगळं भाषांतर करायच्या मागे लागू नका. माझ्या सासूबाईंसाठी मी सहा दर्जे मराठीत कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवले होते. प्रत्येक फेरीला घरातल्या सगळ्यांनी उत्तर यायच्या आधी 'ए' की 'बी' ते चिठ्ठीवर लिहायचं. वाद्यांना भाषा लागत नाही, बोन्सायलाही नाही. तिथे त्या आमच्यापेक्षा पुढे होत्या. वाइनच्या फेरीत मात्र दर कलाकाराचं एकच वाक्य सांगायचं, त्याने कारण काय दिलं तेवढं.

भाग घेणाऱ्यांची नावं कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर आधी येतात. त्यातले चार-पाच निवडा आणि आधीच्या आठवड्यात त्यांची एखादी मालिका किंवा गाणं आईंना दाखवा. सगळे ओळखायची गरज नाही.

मांसाच्या फेरीचं : मी सासूबाईंना आधीच सांगितलं होतं की आता काय येणार आहे. त्या म्हणाल्या, तोवर मी चहा टाकते. लपवलं असतं तर वाईट वाटलं असतं.

धागाकर्ती :
दोघांचे मनापासून आभार. ओक्काके साइसेइ आमच्या टीव्हीत आहे, आजच करून बघितलं. आईला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली मांसाच्या वेळी मी उठेन, पण वाजवायच्या वेळी कोणी बोलायचं नाही.

आता एकच राहिलं. वाद्यांच्या फेरीत टीव्हीच्या स्पीकरवर फरक ऐकू येतो का, की हेडफोन लागेल? दोघींना एकाच वेळी ऐकता येईल असं काही कोणी वापरलं असेल तर कृपया सांगा.