'सोंगाड्या' का चालत नाही?

नांदेडची वाचक: व्हिक्टर बोर्ग यांच्यावरचा लेख मराठीत करतेय आणि एका शब्दापाशी अडलेय. माणूस कोपनहेगनचा, रीतसर शिकलेला पियानोवादक. १९४० मध्ये जर्मनांनी डेन्मार्क घेतलं तेव्हा अमेरिकेला निसटला, तिथं सिनेमे बघून बघून इंग्रजी शिकला. १९५३ पासून ब्रॉडवेवर एकट्याच्या जिवावर ८४९ प्रयोग केले. पियानो वाजवता वाजवता मधेच थांबायचा, बोलायचा, लोक हसून बेजार! मी 'सोंगाड्या' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'संगीतमय विनोदी कलावंत' केलं. मला ते फार लागलं. सोंगाड्या काय कमी कलावंत असतो?

परभणीकर: कमी नाही ताई, पण वेगळा. तमाशातल्या बतावणीत, म्हणजे विनोदी संवादात, सोंगाड्या समोरच्याच्या बोलण्यावर खेळतो, मागं ढोलकी, हलगी, सूर धरणारे झीलकरी असतेत. बोर्ग एकटाच.

लातूरकर: सरळ 'म्युझिकल स्टँडअप' लिहा. आमच्या कॉलेजातली पोरं 'स्टँडअप करतो' म्हणतेत, सगळ्यांना कळतंय.

अंबाजोगाई: जो पियानोपुढं बसून हसवतो त्याला स्टँडअप? आणि मराठीनं जुन्या नाटकांच्या जाहिरातीत नावाआधी नुसतं 'संगीत' लावून केवढा मोठा प्रकार ओळखता केला! त्याच चालीवर 'संगीत नकलाकार' का नको?

लातूरकर: 'नक्कल' अरबीतून आली, ती चालते. इंग्रजी आलं की लगेच सोवळं?

अंबाजोगाई: नक्कल शेकडो वर्षं इथं नांदलीय. नांदलेला शब्द आणि काल आलेला, यांत फरक करायलाच हवा.

पैठणकर: तुम्ही सगळे 'भारूडकार' कसा विसरलात? लहानपणी नाथषष्ठीला एक भारूडकार पाहिला होता. ओळ अर्धी म्हणून त्यानं एकतारीची तार बोटानं दाबून धरली. सगळं गप्प. मग पहिल्या रांगेतल्या फेटेवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, सुनेशी बोलता का?" हशा उसळला. तो ओसरायच्या आत बोट उचललं आणि राहिलेली अर्धी ओळ बरोबर समेवर आणून ठेवली. बोर्गचं थांबणं याहून वेगळं आहे का?

परभणीकर: भारूडात अध्यात्म आहे, हो. हसवून झालं की निरूपण येतं. बोर्ग कुठं नेतो माणसाला?

नांदेडची वाचक: नेतो की! तो उतारा वाचताना स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, प्रत्येकाला तोंडानं वेगळा आवाज द्यायचा. भाषेकडं बघायची नजरच बदलते.

जालनेकर: पण 'काय भारूड लावलंय' म्हणजे लांबण. वाचणाऱ्याला वाटेल हा माणूस कंटाळवाणा होता.

पैठणकर: हा अर्थ कागदावर भारूड वाचणाऱ्यांनी केला असणार. आमच्याकडं भारूड लागलं की लोक सतरंजी ओढत पुढं सरकतात. मूळ शब्दच 'बहुरूढ', लोकांत रुजलेलं.

अंबाजोगाई: ती व्युत्पत्ती नंतर जुळवलेली वाटते. 'भारुंड' हा दोन तोंडांचा पक्षी. एका तोंडानं संसार, दुसऱ्यानं परमार्थ. भारूडाला हेच शोभतं.

पैठणकर: पक्षी कुणी पाहिलाय? रूढ झालेलं मात्र रोज ऐकतो.

नांदेडची वाचक: दोन तोंडं! एक पियानोचं, एक बोलायचं. पण लेख परवा द्यायचाय, शब्द सांगा ना कुणी.

जालनेकर: पक्ष्याचं नाव आमची आजी 'भेरुंड' म्हणायची. 'गंडभेरुंड' त्यातलाच ना?