दर नऊ-दहा दिवसांनी ओओएम किलर (रॅम संपली की प्रोसेस मारणारा लिनक्सचा भाग) आमचा लॉगर मारतो, रॅम खातंय कोण?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून विचारतो. प्लांटवर एक छोटा लिनक्स बॉक्स आहे, २ जीबी रॅम, स्वॅप नाही, त्यात एक डेटा कार्ड बसवलंय आणि त्याचा ड्रायव्हर व्हेंडरनेच दिलेला, मेन कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला नाही. आमचा लॉगर दर सेकंदाला कार्डाचे ८ चॅनल वाचतो आणि डेटाबेसमध्ये टाकतो, बस एवढंच काम. नऊ-दहा दिवस झाले की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) "इनव्होक्ड ओओएम-किलर" येतं आणि लॉगर खल्लास. सिस्टमडी त्याला उठवतं, थोड्या वेळात परत मारतात, मग डेटाबेस जातो, मग बॉक्सच मान टाकतो. आणि टॉपमध्ये सगळ्या प्रोसेसची आरएसएस (प्रत्यक्ष वापरातली रॅम) जमा केली तर जेमतेम ३०० एमबी! व्हॅलग्राइंड (प्रोग्राममधली मेमरी गळती शोधणारं टूल) लावून झालं, लॉगर स्वच्छ आहे. सध्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) दर रविवारी पहाटे रीबूट टाकलाय, सांगायलाही लाज वाटते.

खटपट्या:
अरे लिनक्स रिकामी रॅम कॅशेला वापरतंच, ड्रॉप कॅशेस या कर्नल सेटिंगला ३ टाक म्हणजे कॅशे रिकामी होते, आणि ते क्रॉनला लाव, झालं. नाहीतर लॉगरचा ओओएम स्कोअर अ‍ॅडजस्ट -१००० कर, मग त्याला कोण हात लावत नाही.

ढोबळ_बाइट:
खटपट्या, कॅशे रिकामी करता येत असती तर कर्नलने ओओएमपर्यंत येण्याआधी ती स्वतःच केली असती ना. आणि -१००० केलंस तर लॉगर वाचेल पण मग दुसऱ्याचा नंबर, मारायला कोणी उरलं नाही की थेट पॅनिक, म्हणजे कर्नलच बंद. ओओएम किलर बघतो काय, तर प्रोसेसची आरएसएस, स्वॅप आणि पेज टेबलं. कर्नलने स्वतः खाल्लेली मेमरी कोणाच्याच नावावर नसते, म्हणजे ड्रायव्हर खातो आणि लॉगर मरतो, चोर सोडून संन्याशाला फाशी.
रात्रपाळी दादा, मेमइन्फोमधले स्लॅब (कर्नलने स्वतःच्या छोट्या ऑब्जेक्टसाठी घेतलेली मेमरी), एसरिक्लेमेबल (त्यातली परत घेता येणारी) आणि एसअनरिक्लेम (परत न घेता येणारी) हे तीन आकडे टाका, स्लॅब कशाने भरलीय ते दाखवणाऱ्या स्लॅबटॉपच्या वरच्या दोन ओळी टाका आणि अपटाइम सांगा.

रात्रपाळी:
रविवारी रीबूट झाला, आज शनिवार, म्हणजे ६ दिवस. एसरिक्लेमेबल ३८ एमबी आणि एसअनरिक्लेम १ जीबीच्या वर 😳 स्लॅबटॉपमध्ये सगळ्यात वर केमॅलॉक-२५६ (२५६ बाइटच्या तुकड्यांचा साठा), ऑब्जेक्ट साधारण ४१ लाख ५० हजार.

ढोबळ_बाइट:
सापडला की राव! हिशोब करा. ६ दिवसांचे सेकंद ५,१८,४००, त्याला ८ चॅनलने गुणा, येतात ४१,४७,२००. प्रत्येक वाचनाला एक ऑब्जेक्ट गळतोय, एकही सुटत नाही. दिवसाला ६,९१,२०० गुणिले २५६ बाइट म्हणजे १६९ एमबीच्या आसपास, २ जीबीचा बॉक्स नऊ-दहा दिवसांत भरणारच.
आता ओळ शोधायची. केमेमलीक (कर्नलमधली गळती शोधणारं टूल) आहे, २००९ पासून, २.६.३१ पासून कर्नलमध्येच आहे, पण ते कॉन्फिगमध्ये चालू करून कर्नल परत बिल्ड करावा लागतो आणि छोट्या बॉक्सला ते जड जातं. तुम्हाला तेवढं नको. बूट लाइनवर "स्लबडीबग=यू,केमॅलॉक-२५६" टाका (स्लब आणि डीबगच्या मध्ये अंडरस्कोर; यू म्हणजे कोणी घेतलं त्याची नोंद ठेव), रीबूट करा, तासाभराने डीबगएफएसमध्ये (कर्नलची डीबग माहिती फाइलींत दाखवणारी जागा) स्लॅब फोल्डरखाली त्या कॅशेची अलॉक ट्रेसेस फाइल वाचा. जुना कर्नल असेल तर सिसएफएसमध्ये अलॉक कॉल्स नावाने सापडेल. कोणत्या फंक्शनने किती ऑब्जेक्ट घेऊन ठेवलेत ते आकड्यासकट येतं. फक्त यूमुळे प्रत्येक ऑब्जेक्ट अजून फुगतो, तेव्हा काम झालं की काढून टाका.

चहाबाज:
मध्येच बोलतो, स्लॅब वाढली म्हणजे लीकच असं नाही हां. आमच्या एका सर्व्हरवर स्लॅब ६ जीबी, सगळे घाबरले, बघतो तर सगळं डेंट्री (फाइलनावांची कॅशे), आणि ते एसरिक्लेमेबलमध्ये. हेल्थ चेकवाली स्क्रिप्ट दर दोन सेकंदाला कर्ल (वेब पत्त्याला विनंती पाठवणारं टूल) मारायची आणि कर्लच्या खालची एनएसएस ही एन्क्रिप्शनची लायब्ररी डिस्कचा वेग बघायला नसलेल्या फाइली शोधत बसायची, प्रत्येक न सापडलेल्या नावाची एक निगेटिव्ह डेंट्री. रॅम कमी पडली असती तर कर्नलने ती सोडलीच असती. एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने मिटलं.

ढोबळ_बाइट:
बरोबर, म्हणूनच तिन्ही आकडे मागितले. आणि उलटंही होतं, स्लॅब छोटी, आरएसएस छोटी, कॅशे पण छोटी आणि तरी रॅम गायब. तेव्हा बहुतेक कुठला तरी ड्रायव्हर अलॉक पेजेसने थेट पानं (मेमरीचे अख्खे ब्लॉक) उचलत असतो, ते केमेमलीकलाही दिसत नाही, तिथे पेज ओनर (कोणतं पान कोणी घेतलं ते नोंदणारं) लावावा लागतो.

रात्रपाळी:
मंडळी सापडलं!! तासाभरात एकाच फंक्शनच्या नावावर २८ हजारांच्या वर, आणि ते ड्रायव्हरचं रीड फंक्शन. सोर्स डीकेएमएसमध्ये (ड्रायव्हर बॉक्सवरच बिल्ड करणारी व्यवस्था) होताच, उघडून बघितला. २०८ बाइटचा बफर केमॅलॉकने घेतात, यूझरला कॉपी करतात आणि रिटर्न. मेमरी सोडणारा केफ्री आहे, पण खाली एरर लेबलच्या आत! म्हणजे वाचन फसलं तर मेमरी सुटते, नीट झालं तर गळते 🤦

ढोबळ_बाइट:
हाहा, सहसा उलटं असतं, एरर पाथवर केफ्री विसरतात. टेबलावर दहा मिनिटं टेस्ट केली असणार, ४८०० ऑब्जेक्ट, सव्वा एमबी, कोणाला दिसणार.

रात्रपाळी:
अपडेट: रिटर्नच्या आधी केफ्री टाकला, व्हेंडरला पॅच मेल केला, उत्तर नाही अजून. चार दिवस झाले, केमॅलॉक-२५६ तीन हजारांच्या आत स्थिर आहे. क्रॉनमधला रविवारचा रीबूट काढू म्हटलं तर आमचे साहेब म्हणतात राहू दे, सवय झालीय.