पीएसए ५.२, एमआरआयमध्ये पायरॅड्स ४: आता पुढे काय?

प्रश्न
बाबा ६७ वर्षांचे. लघवीच्या त्रासासाठी दीड वर्ष टॅमसुलोसिन-ड्युटास्टेराइड चालू आहे. पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरच्या संशयासाठीची रक्तचाचणी) ५.२, प्रोस्टेट ५२ मिली, डाव्या पेरिफेरल झोनमध्ये (ग्रंथीच्या बाहेरच्या भागात) ११ मिमीचा डाग, पायरॅड्स ४ (एमआरआयवरून कॅन्सरच्या संशयाचा गुण, ५ पैकी). हृदयातल्या स्टेंटमुळे क्लोपिडोग्रेलही (रक्ताच्या गाठी होऊ न देणारी गोळी) घेतात. नातेवाईक म्हणतात, थेट पेट स्कॅन करा. नेमकं काय आधी करायचं?

उत्तर १
तो ५.२ आकडा फसवा आहे. ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्मा होतो, म्हणजे खरा आकडा दहाच्या आसपास धरा. ५.२ ला प्रोस्टेटच्या ५२ मिलीने भागलं तर पीएसए घनता ०.१० येते आणि माणूस निर्धास्त होतो. दुरुस्त आकड्याने ती ०.२० होते. ०.१५ च्या वर संशय वाढतो. गोळी चालू असल्याचं युरोलॉजिस्टला आवर्जून सांगा. लघवीची तपासणी आणि कल्चरही करून घ्या, जंतुसंसर्गानेही पीएसए चढतो.

उत्तर २
पेट नंतर. पायरॅड्स ४ म्हणजे संशय दाट, निदान नव्हे. निदान बायॉप्सीनेच, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे सुईने काढून तपासल्यावरच होतं. क्षयरोगाच्या गाठीही एमआरआयमध्ये हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसतात, आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

विचारा: डागावर नेम धरून तुकडे घेणार का? एमआरआय-अल्ट्रासाउंड फ्यूजनमध्ये (एमआरआयचं चित्र अल्ट्रासाउंडवर जुळवून) डागातून तीन-चार आणि उरलेल्या ग्रंथीतून साधारण बारा तुकडे घेतात. फ्यूजनला फिल्म चालत नाही, एमआरआयच्या मूळ चित्रांची, म्हणजे डायकॉम फाइल असलेली सीडी लागते. ती आजच मागून घ्या.

सुई गुदद्वारातून घालण्यापेक्षा अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून घातली तर संसर्ग कमी होतो. गुदद्वारातून असेल तर आधी तिथल्या जंतूंचं स्वॅब कल्चर करून अँटिबायोटिक ठरवलेलं बरं. आपल्याकडचे बरेच जंतू सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद देत नाहीत.

क्लोपिडोग्रेल स्वतःहून बंद करू नका. स्टेंट कधी बसवला त्यावर ते अवलंबून आहे, कार्डिओलॉजिस्टकडून लेखी घ्या.

उत्तर ३
बायॉप्सीनंतरचं थोडं. लघवीत काही दिवस, वीर्यात काही आठवडे रक्त दिसतं, घाबरू नका. पण ताप १००.४ च्या वर गेला किंवा लघवी अडली, तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

रिपोर्टमध्ये ग्लीसन आणि ग्रेड ग्रुप (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारे आकडे) आणि किती तुकड्यांत किती टक्के कॅन्सर, हे पाहा. ग्लीसन ३+३, म्हणजे सर्वांत कमी ग्रेड आला तर बहुतेकदा लगेच उपचार लागत नाहीत, नुसती देखरेख पुरते. जास्त ग्रेड आला तर मग पीएसएमए पेट, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सर पसरलाय का ते पाहणारा पेट स्कॅन. ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे) आणि स्लाइड जपून ठेवा, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला त्याच लागतात.

प्रश्नकर्ता
सीडी उद्याच आणतो. बायॉप्सी निगेटिव्ह आली तर?

उत्तर २
आधी बघा सुई डागातच गेली होती का. गेली नसेल तर त्या निगेटिव्हवर विसंबू नका.