मुलांसाठी कादंबरी लिहायची आहे, आधी काय वाचू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याचा. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी रापणीवरच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या मासेमारी जाळ्यावरच्या) पोरांची गोष्ट लिहायची ठरवली आहे. लिहायला बसण्याआधी जुनी बालपुस्तकं पुन्हा वाचतोय.

सुरुवात 'श्यामची आई'पासून केली. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. लहानपणी नुसता रडलो होतो, आता बांधणी दिसते: एकेका रात्री एकेक प्रसंग. श्याम विहिरीत उडी मारायला घाबरतो आणि आई शिंपटी घेते, तिथे तर कोकणातलं घर अख्खं उभं राहतं. मग भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' घेतला. तिथे वेगच वेग! मला दोन्ही हवंय, माया आणि धावपळ.

यापुढे कोणती पुस्तकं घेऊ? समुद्र, होडी, खाडी असलेली मराठी बालकादंबरी आठवते का कुणाला? शिक्षक आणि ग्रंथपालांनी जरूर सांगावं, आजची मुलं कुठे पान सोडतात? आणि संवाद मालवणीत ठेवले तर विदर्भातल्या मुलाला कितपत झेपतील? मालवणी सोडायला मन धजत नाही. कुडाळ-सावंतवाडीकडे जुन्या आवृत्त्या कुणाकडे असतील तर येऊन वाचेन.