4.20 चं पॅकेज म्हणजे हातात नक्की किती? ऐरोली की वागळे इस्टेट

कळवा_कारशेड:
नमस्कार मंडळी. यंदा बीकॉम झाले, कॉलेजात कॅम्पस वगैरे काही नव्हतं, स्वतःच अर्ज टाकून टाकून शेवटी एकदम दोन ऑफर आल्यात. एक ऐरोलीची, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 4,20,000. दुसरी वागळे इस्टेटमधली छोटी कंपनी, 3,84,000. मी आपलं 12 ने भागलं, 35 हजार आणि 32 हजार, आणि आईने तेवढ्यात मावशीला फोन करून 35 सांगूनपण टाकलं. काल ऐरोलीच्या एचआर मॅडमना विचारलं तर म्हणाल्या "26-27 च्या आसपास इन हँड येईल". मग मधले आठ हजार जातात कुठे?? ऑफर लेटरच्या मागच्या पानावर टेबल आहे ते असं आहे: महिन्याला बेसिक 15,000, एचआरए (घरभाडे भत्ता) 7,500, स्पेशल अलाउन्स 6,000. खाली वर्षाचे आकडे, एम्प्लॉयर पीएफ 21,600, ग्रॅच्युइटी 8,658, इन्शुरन्स 5,742, व्हेरिएबल (दरमहा न मिळता अटींवर मिळणारा भाग) 42,000. वागळेवाल्यांचं बेसिक 15,000च आहे, पीएफ आणि ग्रॅच्युइटी सेम, बाकी व्हेरिएबल आणि इन्शुरन्स काही लिहिलेलं नाही. कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज, घरात पगारपत्रक बघितलेलं कोणी नाही, बाबांची रिक्षा आहे.

घणसोली_सेक्टर_सात:
अभिनंदन! मुलींना पीटी (व्यवसाय कर) नसतो त्यामुळे ते 200 वाचतील. पण टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) 10 टक्के कापतात, म्हणजे 24-25 हजार धरून चाल.

पेरोल_करून_दमले:
वरच्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, दादा रागावू नका. बारा वर्षं लोकांच्या पगाराच्या शीटच भरतेय म्हणून सांगते.

पीटी बायकांना नसतो, पण महिन्याचा पगार 25,000 पर्यंत असेल तरच, एप्रिल 2023 पासून ती मर्यादा आहे. हिचा ग्रॉस (कापाकापीआधीचा महिन्याचा पगार) 28,500 आहे, म्हणजे 200 जाणार, फेब्रुवारीत 300. आणि टीडीएस शून्य. आयकराच्या नव्या रेजिममध्ये 75,000 स्टँडर्ड डिडक्शन मिळतं आणि 4 लाखांपर्यंत स्लॅबच लागत नाही, हिचं व्हेरिएबल पूर्ण मिळालं तरी वर्षाचे 3,84,000 होतात, त्यातून 75 हजार वजा. संपला विषय. 10 टक्के कधी कापतात तर कंपनी तुला पगारावर न घेता कन्सल्टंट म्हणून घेते तेव्हा. मग पीएफही नाही, ग्रॅच्युइटीही नाही. फ्रेशर पोरांना असं घेणारे आहेत बरं का, ऑफर लेटरमध्ये "प्रोफेशनल फी" असा शब्द दिसला तर दोनदा वाच.

आता बाळा तुझं ऐरोलीचं. वर्षाचे 4,20,000, त्यातून व्हेरिएबल 42,000 बाजूला, कंपनीच्या वाट्याचा पीएफ 21,600, ग्रॅच्युइटी 8,658, इन्शुरन्स 5,742. उरले 3,42,000, म्हणजे महिन्याला 28,500. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि पीटी 200. हातात 26,500. एचआर मॅडम खोटं नाही बोलल्या.

पीएफचे दोन्हीकडचे 1,800 तुझ्याच सीटीसीतून जातात म्हणून पोरांना फसवल्यासारखं वाटतं. पण ते पैसे तुझेच आहेत. फक्त पासबुकात कंपनीचे 1,800 पूर्ण दिसणार नाहीत, त्यातले 1,250 पेन्शन स्कीमला जातात, 550 पीएफला. पहिल्यांदा बघितलं की सगळे मला फोन करतात, पैसे खाल्ले म्हणून. ग्रॅच्युइटी मात्र नोकरी सोडताना मिळते, तीही पाच वर्षं टिकलीस तरच, त्यामुळे ती मनातून काढून टाक.

तीन_हात_नाका:
पण मग वागळेचं गणित कोणी केलंच नाही? 3,84,000 वजा 21,600 वजा 8,658, बाराने भागलं की 29,478. पीएफ, पीटी काढून 27,478. म्हणजे 36 हजारांनी लहान पॅकेज आणि हातात दरमहा जवळपास हजार रुपये जास्त 😄 त्यात कळव्याहून ऐरोलीला जायचं म्हणजे ठाण्याला उतरून पूल चढून 9-10 नंबरवर ट्रान्सहार्बर लोकल पकडायची, सकाळी साडेआठला तो पूल बघितलाय का. मी चार वर्षं केलंय. वागळेला स्टेशनबाहेरून टीएमटी बस नाहीतर शेअर रिक्षा.

घणसोली_सेक्टर_सात:
ओके पीटीचं माहीत नव्हतं, ताई थँक्स. पण व्हेरिएबल विसरू नका, पूर्ण मिळालं तर महिन्याला 3,500 धरा, मग ऐरोली 30 हजार होते.

पेरोल_करून_दमले:
"मिळालं तर" हाच प्रश्न आहे. दरवर्षी मिळतं का, कधी देतात, मधे सोडलं तर बुडतं का, आणि पहिल्या वर्षी जॉइन झालेल्यांना धरतात का, हे चार प्रश्न ईमेलवर विचार. फोनवर नको. माझ्या आधीच्या ऑफिसात पेआउटच्या तारखेला नोकरीवर हजर पाहिजे अशी अट होती, एका मुलाने आठवडाभर आधी राजीनामा टाकला आणि वर्षाचं सगळं गेलं. मीच ती शीट केली होती, अजून वाईट वाटतं.

आणि वागळेवाल्यांना मेडिक्लेमचं विचार. ऐरोलीचे 5,742 रुपये कापले जातात म्हणून वाईट वाटू देऊ नकोस, त्यात आईबाबा कव्हर होत असतील तर बाहेर तेवढ्यात त्या वयाच्या दोघांची पॉलिसी येत नाही. बाबांची रिक्षा म्हणजे त्यांना ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) वगैरे काही नसणार. मी तरी याच एका मुद्द्यावर ठरवेन, हजार रुपयांवर नाही.

कळवा_कारशेड:
ताई खरंच थँक यू 🙏 हे 12 ने भागायचं नसतं हे कोणीच सांगत नाही. आज दोघांनाही ईमेल केला. ऐरोलीवाल्यांचं उत्तर आलं, इन्शुरन्समध्ये आईवडील आहेत, तीन लाखांचं कव्हर. व्हेरिएबल वर्षातून एकदा, सहा महिने पूर्ण झाले असतील तरच. वागळेवाले म्हणाले मेडिक्लेम "प्रोसेसमध्ये आहे". एक मामा म्हणतोय की पीएफ नको म्हणून सांग, हातात जास्त येतील, तसं चालतं का? आणि ऐरोलीला 16 जूनला जॉइन व्हायला सांगतायत, पहिला पगार किती येईल?

पेरोल_करून_दमले:
"प्रोसेसमध्ये आहे" 😂 दहा वर्षं प्रोसेसमध्येच असतं ते.

मामांना सांग की बेसिक 15,000 च्या वर असतं आणि आधी कधीच पीएफ कापला गेला नसता तर नको म्हणता आलं असतं, तुझं बरोबर 15,000 आहे, त्यामुळे सक्तीचा.

16 जून म्हणजे 30 पैकी 15 दिवस, ग्रॉस 14,250. पीएफ तेवढ्याच बेसिकवर, 900. त्या महिन्यात 25,000 च्या आत आहेस म्हणून पीटी नाही. 13,350 येतील, कामगार कल्याण निधीचे जूनमध्ये किरकोळ पैसे जातात ते सोडून. कंपनीचा पगाराची शीट बंद करायचा कट-ऑफ 15-20 तारखेचा असला तर तेही जुलैच्या पगारात एकत्र येतील, तेव्हा घाबरू नकोस, पण पासचे आणि डब्याचे दीड महिन्याचे पैसे घरून घेऊन ठेव.

आणि आजच आधार काढून बघ. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आणि आधारवर नाव आधी. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आता उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, तो आधारवरच्या नावाने निघतो. पॅन, आधार आणि बँक तिन्हीकडे एकसारखं स्पेलिंग हवं. माझ्या शीटमध्ये निम्म्या पोरांचा पीएफ याच एका कारणाने अडकतो, आणि नाव बदलायचं म्हटलं की कळव्यात आधार केंद्रावर सकाळी सातपासून रांग.

कळवा_कारशेड:
बघितलं. पॅनवर बाबांचं नाव "Ramchandra" ऐवजी नुसतं आर आहे 😭 उद्या सकाळी निघते.