स्वतंत्र ख्रिस्ती सेवासंघ काढायचाय, सुरुवात कशी करावी?

प्रश्न
जय ख्रिस्त. मी नगर जिल्ह्यातली. वीस वर्षं गावोगाव बायबल वुमन म्हणून, म्हणजे बायकांना बायबल शिकवत फिरले. नाताळाआधी एका तृतीयपंथी मुलीला उपासनेला नेलं. मागच्या सतरंजीवर ती ओंजळ करून बसली होती. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीचं ताट तिच्यासमोरून पुढे गेलं. शेवटचं गीत संपेपर्यंत तिने ओंजळ तशीच धरली होती. ती ओंजळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आम्ही चौघी आहोत : मी, ती, एक पारधी विधवा आणि एक निवृत्त नर्स. एका चुलीवर जेवायचं, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, दिवसा सेवा. मिशनच्या हाताखाली नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा ‘देवाचा दरबार’ असाच होता ना? तो का टिकला नाही? आणि कागदपत्रं काय लागतात?

उत्तर १
ताई, मी साताऱ्याचा, त्यामुळे दरबाराबद्दल मन हळवं आहे. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं काम आणि पगार सोडला आणि इथे दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एका कुटुंबातले, ही कल्पना. बाप्तिस्मा घेतला की घरदार, भाऊबंद सुटायचे, त्या काळात हे केलं त्यांनी! पण 9 मे 1919 ला ते गेले. पुरती दोन वर्षंही मिळाली नाहीत, आणि सगळा भार त्यांच्या एकट्यावर.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन मात्र बघून या. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी शेकडो बायका-मुली आणल्या आणि त्यांच्या हाती शेती, विणकाम, छापखाना दिला. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, मुक्ती मिशन आजही चालू आहे. म्हणून सांगतो, तुमच्यामागे कोण, हे आजच ठरवा आणि लिहून ठेवा.

उत्तर २
मी ट्रस्टची कामं बघते. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायची तर किमान सात जण लागतात, चौघींवर होणार नाही. न्यासपत्र (ट्रस्ट डीड) करून सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंदवा. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा, हे लोक हमखास विसरतात. परदेशी देणगी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची परवानगी मिळेपर्यंत घेऊच नका.

आणि त्या मुलीला आणि पारधी ताईंना विश्वस्त करा, बँकेत सहीचा अधिकार द्या. लाभार्थींच्या यादीत नाव घालून भागणार नाही.

प्रश्नकर्ती
दादा, ताई, आभार. एक अडतंय. आमच्यात दीक्षित, म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा झालेलं कोणी नाही. प्रभुभोजन कोण देणार?

उत्तर ३
बहुतेक चर्चमंडळ्यांत त्याला दीक्षित माणूस लागतो. 1922 मध्ये नगरला सुरू होऊन पुढे पुण्याला गेलेल्या ख्रिस्त सेवा संघात ही अडचण नव्हती. खादी, जमिनीवर पंगत असं सगळं देशी, पण संघ अँग्लिकन चर्चमध्येच होता, संस्थापक जॅक विन्स्लो स्वतः धर्मगुरू. तुम्ही मनाचा पाळक (धर्मगुरू) मिळेपर्यंत प्रीतिभोजन, म्हणजे प्रार्थना करून एकत्र जेवण करा. त्याला दीक्षेची अट नाही.

प्रश्नकर्ती
रविवारी पडवीत केलं. बाजरीच्या दोन भाकरी होत्या. ताट आधी तिच्याकडे दिलं. तिने हात पदराला पुसले, भाकरी मोडली आणि आम्हा तिघींना वाढली. न्यासपत्राचा कागद सोमवारी आणतेय.