एकाला पात्रात शिरायचंय, एकाला गॉब्लिन (खेळातले छोटे राक्षस) कापायचेत, एक नुसता सोबतीला येतो. डीएमनं करावं काय?

सिडकोचा_डीएम
नमस्कार मंडळी. आम्ही दीड वर्षापासून दर रविवारी दुपारी बसायलोत, संभाजीनगरला, माझ्या घरी वरच्या खोलीत. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून आपापलं पात्र बोलून आणि फासे टाकून खेळायचा. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम बघणारा, आणि चार खेळाडू. नियम पाचव्या एडिशनचे, पण जग माझं स्वतःचं, यादवांच्या काळासारखं काहीतरी, ड्रॅगन कमी आणि किल्ले जास्त. आजवर कधी वाजलं नव्हतं, परवा वाजलं.

झालं असं की पार्टी, म्हणजे खेळाडूंची पात्रं, किल्ल्यात घुसली. किल्ला म्हणजे आपला दौलताबादच, नाव बदललेला. तिथल्या अंधारीचं, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेचं, वर्णन नीट जमावं म्हणून मी आदल्या आठवड्यात मुद्दाम जाऊन आलतो, तो वटवाघळांचा वास, पायाखालची ओल, वळण आलं की आधी हाताला भिंत लागते आणि मग कळतं की वळण आहे, हे सगळं वहीत लिहून आणलं. ट्यूब बंद केली, पडदे ओढले, एक पणती लावली. खोली एकदम चिडीचूप. आणि तेवढ्यात आमचा ड्वार्फवाला, म्हणजे बुटक्याचं पात्र खेळणारा, म्हणतो, "मला डार्कव्हिजन आहे बरं का, साठ फूट." म्हणजे त्याच्या पात्राला अंधारात दिसतं. एक जण फिस्सकन हसला. त्याच मिनिटाला तिसऱ्याला घरून फोन, येताना दही आण.

आमच्यातला एक लै सिरीयस आहे, सेशनभर पात्राच्याच आवाजात बोलतो, जेवायला बसला तरी पात्राचंच नाव लावतो. त्यानं वही मिटली, म्हणला "टाइमपासच करायचा असेल तर कॅरम आणा", खाली गेला आणि गाडीला किक मारली. ग्रुपवर पण अजून काही बोलंना.

आता ड्वार्फवाला म्हणतो मी आठवडाभर एमआयडीसीत शिफ्ट मारतो, रविवारी चार गॉब्लिन कापले की डोकं हलकं होतं, त्यात माझं काय चुकलं. दहीवाल्याला दीड वर्षात स्वतःचा आर्मर क्लास (पात्राला वार लागणं किती अवघड तो आकडा) पाठ नाही, पण तो नसला की सेशन पडतं हे सगळ्यांनाच माहिती. फोन बाहेर ठेवायचा नियम करू का? नियमानं असलं काही येतं का? का दोन वेगळे ग्रुप करू? दोन ग्रुप करायला तेवढी माणसं आहेत कुठं म्हणा इथं.

वीसफाशी_नांदेड
भावा हे भांडण तुझ्या खोलीत सुरू झालेलं नाही. गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी १९७४ ला हा खेळ काढला तोच सैन्य मांडून खेळायच्या वॉरगेममधून, म्हणजे तुझा गॉब्लिन कापणारा माणूस खरं तर मूळ घराण्यातला. पात्रात शिरणारे त्याच्याच मागोमाग आले आणि तेव्हापासून दोघं एकाच टेबलावर एकमेकांवर चिडायलेत. १९९७ च्या सुमारास युजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या इंटरनेटवरच्या चर्चागटांत, यावर इतका काथ्याकूट झाला की त्यातून थ्रीफोल्ड मॉडेल निघालं. कुणाला गोष्ट चांगली व्हायला पाहिजे, कुणाला आव्हान पाहिजे, आणि कुणाला ते जग आतून जसं चालेल तसंच चालायला पाहिजे, अशा तीन ओढी. पुढं रॉन एडवर्ड्स या खेळ बनवणाऱ्यानं त्याची आपली वेगळी मांडणी केली आणि त्यावर परत वर्षानुवर्षं हाणामारी.

माझं मत विचारशील तर हे वाचावं पण माणसांच्या कपाळावर चिकटवू नये. मीच एका रविवारी मारामारीला बसतो आणि दुसऱ्या रविवारी मला दोन तास नुसतं सरायवाल्याशी बोलत बसायचं असतं. तुझा दहीवाला कोणत्या खान्यात टाकणार? तो तुम्हाला भेटायला येतो, बास.

फोनचा नियम करू नको. घरून फोन आला आणि उचलला नाही तर पुढच्या रविवारी तो येणारच नाही, हे मी अनुभवानं सांगायलोय.

राखाडी_दाढी
मी पण ड्वार्फच खेळतो त्यामुळं बाजू घेणारच. पण मला खरंच कळंना की त्या माणसानं मोडलं काय? तू म्हणला अंधार आहे, त्यानं त्याच्या पात्राला काय दिसतं ते सांगितलं. त्याचा बुटका जन्मापासून अंधारात बघतोय राव, तो वर्णन ऐकून घाबरला असता तर ती खोटी अॅक्टिंग झाली असती. तुमचा सिरीयस माणूस आवाज बदलून शिरतो, हा कॅरॅक्टर शीटमधून, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदातून, शिरतो. शिरलेत दोघंही.

चूक असेल तर तुझी आहे डीएम साहेब, रागावू नको. पाचव्या एडिशनचं डार्कव्हिजन नीट वाच. अंधार त्याला मंद उजेडासारखा दिसतो आणि रंग कळत नाहीत, सगळं राखाडी. शिवाय मंद उजेडात डोळ्यानं शोधायच्या परसेप्शनला डिसअॅडव्हान्टेज असतो, म्हणजे काही हुडकायचा फासा जमणं अवघड जातं. म्हणजे तू त्याला म्हणायचं होतं, हो तुला दिसतंय, भिंतीवर काहीतरी ओघळलंय, पण ते पाणी आहे का रक्त हे तुला कळंना, कारण तुझ्या डोळ्याला दोन्ही एकाच रंगाचे. हे चिठ्ठीवर लिहून फक्त त्याच्याच हातात द्यायचं. बाकीचे अंधारात चाचपडायलेत आणि एकट्याला दिसतंय, पण पूर्ण दिसत नाही. मग बघ तो कसा बोलतो ते, पणती न लावता.

हुरडा_आणि_फासे
मी लातूरची. टेबलपेक्षा मी लाइव्ह गेम, म्हणजे उभं राहून अंगानं पात्र जगायचे लार्प, जास्त केलेत, त्यामुळं दुसऱ्या बाजूनं सांगते. सगळे जण इमर्शन (पात्रात पूर्ण शिरणं) म्हणजे देवच असल्यासारखं बोलायलेत, म्हणून लिहायले.

तीन वर्षांमागं आम्ही औशाकडं शेतातल्या एका आखाड्यावर रात्रीचा लार्प केलता, अकरा जण. विषय आमचाच, टँकरची रांग. ट्रॉलीवर ड्रम ठेवला, प्रत्येकाच्या हातात खरी घागर, एक नगरसेवक, एक ड्रायव्हर, बाकी गल्ली. नियम जवळपास नाहीतच, फासे नाहीत, आत शिरायचं आणि सकाळपर्यंत राहायचं. मध्यरात्रीच्या सुमाराला नगरसेवकानं रांग मोडून एकीची भरलेली घागर उचलून बाजूला ठेवली. ती रडायला लागली. आम्ही बघायलोत, काय जबरदस्त करायली म्हणून. दहा मिनिटं. कुणाच्या डोक्यात आलं नाही की ही करत नाहीये.

बाहेरच्यांना २०१६ म्हणलं की मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवते. तिच्या आधी मार्चमध्ये आमच्याकडं पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लागलं होतं, माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून. ही पोरगी तेव्हा शाळेत होती आणि रोज पहाटे रांगेला तीच जायची. तिच्या हातातली घागर आमच्यासाठी प्रॉप होती. नगरसेवक झालेला दादा सकाळी चहा पिताना म्हणतो, आयुष्यातला बेस्ट गेम. ती औशापासून घरापर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही.

याला ब्लीड म्हणतात, पात्राचं खेळाडूत आणि खेळाडूचं पात्रात झिरपतं ते. नॉर्वे, स्वीडनकडची मंडळी १९९७ पासून दरवर्षी क्नुटेपुंक्ट नावाचं लार्पवाल्यांचं संमेलन भरवतात, तिथं यावर ढीगभर बोलून झालंय. आम्ही ते नंतर वाचलं हीच आमची चूक. आता आम्ही दोन शब्द आधीच ठरवतो. कट म्हणलं की सगळं जागच्या जागी बंद. ब्रेक म्हणलं की खेळ चालू राहतो पण समोरच्यानं हात आखडता घ्यायचा. टेबलवर खेळत असाल तर एक्स कार्ड ठेवा, जॉन स्टाव्रोपोलोसची कल्पना, कार्डावर फुली मारलेली असते, कुणी हात लावला की तो भाग सोडून पुढं जायचं, कामून ते विचारायचं नाही. आणि संपल्यावर अर्धा तास तरी सगळ्यांनी बसायचं, घागर धुवून जागेवर ठेवायची, स्वतःच्या नावानं एकमेकांना हाक मारायची. हे सांगितलं की काही जण म्हणतात मजा गेली. आमच्याकडं उलट झालं, थांबता येतं म्हणल्यावर जे काठावर उभे असायचे ते पण आत यायलेत.

बीडचा_बहुरूपी
ताईंनी बरोबर लिहिलं पण मला एक वाटतं. आमच्या गावात लहानपणी बहुरूपी यायचा, पोलिसाच्या वेषात, दारात काठी आपटून "वॉरंट आहे तुमच्या नावाचं, चला ठाण्यात". आजीला माहिती हा बहुरूपी, त्याला माहिती आजीला कळलंय, तरी आजी हात जोडायची, "साहेब नातवंडं लहान आहेत". शेवटी पायली दोन पायली ज्वारी घेऊन जायचा. तो एकदाही पोलीस सोडून बोलला नाही आणि आम्ही हसलो म्हणून चिडला पण नाही. तुमचा सिरीयस माणूस चिडला कामून मग? तू शीर की बाबा आत, दुसऱ्याच्या हसण्यानं तुझं काय अडलं?

हुरडा_आणि_फासे
@बीडचा_बहुरूपी दादा उदाहरण झकास, पण बहुरूप्यापुढं बघणारे असतात. लार्पमध्ये बघणारा कुणी नसतोच. फिनलंडमध्ये तुर्कू शहरातल्या लार्पवाल्यांनी तर जाहीरनामाच काढलाय की पात्र आतून जगायचं, दुसऱ्याला दाखवायला नाही. मला ते तेवढं टोकाला पटत नाही, पण मग तुमच्या आजीचं काय? आजी पण खेळतच होती की. तिनं हात जोडले म्हणून पोलीस उभा राहिला, ती "गप रे" म्हणून घरात गेली असती तर काठी आपटून काय उपयोग. सिरीयस दादाला कुणीतरी हात जोडणारं पाहिजे होतं, एवढंच असेल त्याचं.

सिडकोचा_डीएम
सगळ्यांचे लै आभार. रविवारच्या आधी मी सिरीयसला गुलमंडीवर गाठलं, इमरती खाल्ली, फासे न काढता विचारलं की बाबा तू येतोस कशासाठी. म्हणला मला दिवसभर ऑफिसात कुणीच ऐकत नाही, इथं माझं पात्र बोललं की चार जण उत्तर देतात. इमर्शन बिमर्शन हा शब्द त्यानं एकदाही काढला नाही, आणि मी तिकडं पडदे ओढत बसलो होतो.

काल राखाडी दाढीची चिठ्ठी वापरली. ड्वार्फवाल्यानं वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा पात्राच्या आवाजात हळूच म्हणला, "कुणी भिंतीला हात लावू नका." सिरीयसनं विचारलं, "काय दिसतंय तुला?" पुढची वीस मिनिटं ते दोघंच बोलायलेत, मी गप. एकही गॉब्लिन मेला नाही आणि ड्वार्फवाल्याची तक्रार नाही.

दहीवाल्याचा फोन परत वाजला. यावेळी साबुदाणा. एक्स कार्ड पण ठेवलंय, त्यावर त्यानं चहाचा कप ठेवला, आता कार्डाला हात लागला का कपाला ते कळंना. दुसरं कार्ड करायलोय, मोठं.